केनियात मिशन ट्रिप : तिथला रोजचा दिवस नेमका कसा जातो?

नगरची_फिजिओ

सलाम सगळ्यांना. मी फिजिओथेरपिस्ट आहे, मूळची नगरची, नोकरी पुण्यात. आमच्या मंडळीतून, म्हणजे चर्चमधून, जुलै-ऑगस्टमध्ये सहा आठवड्यांसाठी एक टीम केनियाला जातेय, त्यात दोन नर्स, एक डॉक्टर, मी, आणि बाकी तरुण संघातली पोरं. आम्हा मेडिकलवाल्यांची सोय किजाबेच्या मिशन हॉस्पिटलमध्ये होईल असं पाळकसाहेब म्हणतायत, पोरांना जवळच्याच एका मंडळीकडं ठेवणार आहेत. प्रार्थना करून मी हो म्हटलंय, रजा पण मंजूर झालीय, आता घरचे प्रश्न विचारतायत आणि माझ्याकडं उत्तरं नाहीत.

यूट्यूबवर मिशन ट्रिपचे व्हिडिओ बघितले तर सगळीकडं तेच, विमानतळावर टीमचा फोटो, मग पोरांच्या घोळक्यात नाचणं, मग रडत रडत निरोप. मधले दिवस कसे जातात ते कुणी दाखवतच नाही. मला तेच विचारायचंय. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय असतं? खरंच काम असतं का आपण नुसते पाहुणे म्हणून फिरतो? जेवण कसं, आई म्हणतेय चटण्या करून देते, सहा आठवडे कशा पुरणार. पाणी-लाईटचं कसं? दरवेळी उठून साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सगळ्यांसमोर सांगणं, द्यावी लागते का, मला चारचौघांत बोलायची भीती वाटते, इंग्रजीत तर अजूनच. आणि आफ्रिका म्हणजे उकाडा आणि मलेरिया हे पप्पांच्या डोक्यात पक्कं बसलंय, त्याचं खरं काय ते पण सांगा.

कुणी जाऊन आलं असेल, कुठल्याही मंडळीतलं, कॅथलिक प्रोटेस्टंट कुणीही, किंवा तिथं राहत असेल तर प्लीज सविस्तर लिहा, मोठं झालं तरी मी सगळं वाचणार.

मिरजेची_सिस्टर

सलाम बेटा. मी मिरजेला नर्सिंग शिकले, उभं आयुष्य वॉर्डात गेलं, रिटायर झाल्यावर किजाबेला काही महिने राहून आले, त्यामुळं तू जिथं चाललीयेस त्याच जागेबद्दल सांगते.

पप्पांना सांग उकाड्याची काळजी सोडा. किजाबे नैरोबीपासून साठेक किलोमीटरवर, रिफ्ट व्हॅलीच्या कड्यावर आहे, उंची २२०० मीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्याही बरंच वर, आणि जुलै-ऑगस्ट हा तिकडचा गारठ्याचा काळ. वारा तर रात्रभर पत्रे वाजवत असतो. स्वेटर, कानटोपी, पायमोजे, एक जाड जॅकेट हे घेच. एवढ्या उंचीवर मलेरियाचा धोका फार कमी, पण टीम जर व्हिक्टोरिया तलावाकडं किसुमूच्या बाजूला किंवा मोम्बासाला जाणार असेल तर गोळ्या लागतात, डॉक्टरला विचारून ठरवा. डॉक्सी, म्हणजे मलेरिया टाळायची डॉक्सिसायक्लिनची गोळी, दिली तर परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची असते हे टीममधल्या सगळ्यांना आत्ताच सांगून ठेव, कारण घरी पोचल्यावर लोकं गोळ्या सोडून देतात.

आता दिवस. विषुववृत्त जवळच आहे त्यामुळं बारा महिने साडेसहाच्या सुमारास उजाडतं आणि संध्याकाळी साडेसहा-पावणेसातला अंधार, आपल्यासारखी उन्हाळ्यातली लांब संध्याकाळ नाहीच. सकाळी कामाआधी स्टाफची उपासना होते, थोडीच, एक गीत, वचन, प्रार्थना. नवीन माणूस आलं की त्याला उभं करतात. तू फक्त "ब्वाना आसिफिवे" म्हणायचं, म्हणजे प्रभूची स्तुती असो, सगळे "आमेन" म्हणतात, मग नाव सांगायचं, गाव सांगायचं, तुझ्या मंडळीचा सलाम सांगायचा आणि बसायचं. भाषणाची अपेक्षा कुणी करत नाही. रविवारी मंडळीत मात्र पाहुण्यांना पुढं बोलावतात, तिथं चार वाक्यं लागतील, ती घरूनच लिहून ने, तुझ्या इंग्रजीला कुणी हसत नाही गं, त्यांची पण ती दुसरी-तिसरी भाषाच, घरी बहुतेक किकुयू बोलतात.

त्यानंतर वॉर्ड. काम असतं का विचारतेस, अगं काम भरपूर आहे, पण ते तुझ्यासाठी राखून ठेवलेलं नाही. हे हॉस्पिटल १९१५ पासून चालू आहे, आफ्रिका इनलँड चर्चचं, इंटर्न, नर्सिंगची मुलं, रेसिडेंट सगळे तिथं शिकतात. डॉक्टर नर्स बहुतेक केनियन. फिजिओ पण तिथलेच, त्यांच्याकडच्या मेडिकल ट्रेनिंग कॉलेजातून शिकून आलेले, आणि त्यांच्या वॉर्डात काय चालतं काय नाही हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं माहीत. पहिला आठवडा तू फक्त त्यांच्या मागं फिर, विचार, फाइल धर, पेशंटला आधार दे. हे कमीपणाचं वाटून घेऊ नकोस बेटा, मनापासून सांगते, सहा आठवड्यांत ज्यांनी हे केलं त्यांना पुढं खरं काम मिळालं, आणि ज्यांनी आल्या आल्या आमच्याकडं असं करतात तसं करतात सुरू केलं त्यांच्याशी तिथली माणसं गोड बोलायची पण काम सांगायची नाहीत.

पेशंट कोण येतात ते पण सांगते म्हणजे तुला तयारी करता येईल. मोटारसायकल टॅक्सीला तिकडं बोडाबोडा म्हणतात, तिच्या ॲक्सिडेंटची मोडलेली हाडं ढिगानं. मग लहान मुलं, डोक्यात पाणी झालेली, पाठीच्या कण्याचा दोष घेऊन जन्मलेली, त्यांच्या आया लांबून लांबून आलेल्या असतात, कुणी दोन-दोन दिवस बसमध्ये काढून, आणि ऑपरेशननंतर मुलाला घेऊन वॉर्डातच राहतात. तुझं खरं काम त्या आईला शिकवणं, पाय कसा ताणायचा, कसं बसवायचं, कुशीवर कसं वळवायचं, कारण ती घरी गेली की परत कधी येईल सांगता येत नाही. सोमाली बायका पण खूप येतात, त्यांना बाईच फिजिओ हवी असते, तिथं तुझा फार उपयोग होईल. थोडी स्वाहिली पाठ करून जा. सिमामा म्हणजे उभी राहा, तेंबेया म्हणजे चाल, काआ म्हणजे बस, पुमुआ म्हणजे श्वास घे, कोहोआ म्हणजे खोक, आणि "पोले" हा शब्द तर दिवसभर लागतो, कुणाला दुखलं, कुणी अडखळलं, कुणाचं माणूस गेलं, पोले म्हणायचं. तेवढ्यानं पेशंटचा चेहरा बदललेला मी बघितलाय.

प्रार्थनेचं म्हणशील तर पेशंट स्वतःहून म्हणतात माझ्यासाठी प्रार्थना करा, तेव्हा जरूर कर, मराठीत केलीस तरी चालते, मी मराठीतच करायचे. पण न विचारता कुणाच्या डोक्यावर हात ठेवायचा नाही, मुस्लिम पेशंट असेल तर अजिबात नाही. हॉस्पिटलचे चॅप्लेन, म्हणजे तिथले पाळक, असतात, त्यांना माहीत असतं कुणाशी कधी काय बोलायचं ते.

दहा वाजता चहा. हा सोडायचा नाही. दुधात उकळलेला गोड चहा आणि सोबत मंदाझी, म्हणजे मैद्याची तळलेली पुरीसारखी, जरा फुगीर गोडसर. सगळी ओळखपाळख त्याच वेळी होते, कोण कुणाची कोण, कुणाच्या घरी काय चाललंय. आपल्या टीममधली पोरं त्या वेळी कोपऱ्यात एकत्र बसून मोबाईल काढतात, ते नको.

जेवणात उगाली, मक्याच्या पिठाची घट्ट उकड समज, हातानं मोडून सुकुमा विकीबरोबर खायची, ती एक पालेभाजी, कांदा-टोमॅटोत परतलेली. गिथेरी म्हणजे मका आणि घेवडा एकत्र शिजवलेला. न्देंगू म्हणजे आपले मूगच. चपाती पण मिळते, मैद्याची, जाड, पदर सुटलेली, ती तिथं रोजची नाही, पाहुण्यांसाठी नाहीतर सणासुदीला. तिखट कशातच नाही. आईला सांग शेंगदाण्याची आणि लसणाची कोरडी चटणी सीलबंद करून दे, पण पहिले काही दिवस उघडू नकोस, त्यांच्या ताटातलं नीट खायला शिक, मग उघड आणि त्यांना पण चाखायला दे.

संध्याकाळी अंधार पडला की बाहेर फिरणं बंद. कपडे हातानं धुवायचे, गारठ्यात वाळायला दोन-दोन दिवस, म्हणून जीन्स नेऊ नकोस. लाईट जाते, टॉर्च आणि पॉवर बँक ठेव. अंघोळीला कधी गरम पाणी असतं कधी बादलीत आणून घ्यायचं. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, पहिला आठवडा उत्साहात जातो, मग टीममध्ये कुरबुरी सुरू होतात, भांडी कोण घासतं, बाथरूम कोण अडवतं, कोण सारखं घरी फोन करतं. हे होणारच, थकलेली माणसं एका छपराखाली असतात. आमच्यात ठरलं होतं की रोज रात्री जेवणानंतर एकत्र बसायचं, एक स्तोत्र वाचायचं, आणि ज्याच्या मनात जे असेल ते तिथंच बोलायचं, दुसऱ्या दिवसावर न्यायचं नाही. त्यानं आमची टीम टिकली असं माझं ठाम मत आहे. तुमच्या पाळकसाहेबांना हे जायच्या आधीच ठरवायला सांग.

वसईकर_नाना

जय येसू. सिस्टरने छान लिहिलंय. मी कॅथलिक, वसईचा, धंद्याने इलेक्ट्रिशियन, केनियातच गेलेलो पण एकदम वेगळ्या टोकाला, वर उत्तरेला तुर्काना भागात, काकुमाला. तिथे १९९२ पासून रेफ्युजी कॅम्प आहे, सुदान, सोमालिया, काँगो कुठून कुठून आलेले लोक, आणि डॉन बॉस्कोच्या फादरांचं टेक्निकल स्कूल आहे, तिथे मी पोरांना वायरिंग आणि सोलर शिकवायला होतो. हे लिहितोय अशासाठी की मिशन ट्रिप म्हणजे एकच काहीतरी चित्र नको, देश तोच पण सिस्टर स्वेटर सांगतायत आणि आम्ही रात्री खाट अंगणात टाकून झोपायचो इतका उकाडा.

आमचा दिवस पहाटे सुरू व्हायचा कारण अकरानंतर पत्र्याच्या शेडमध्ये बसवत नाही. सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मग काळा चहा आणि ब्रेड, मग वर्कशॉप. दुपारी दोन-तीन तास सगळं ठप्प. पाणी मोजून, बोअरवेलचं, जरा खारट. वारा सुटला की धूळ डोळ्यात, दातात, ताटात. संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळायची आणि मी मोडलेले पंखे, इन्व्हर्टर, मोबाईल चार्जर दुरुस्त करत बसायचो, कुणी काय आणेल त्याचा नेम नाही. माझं सगळ्यात जास्त काम तिथे झालं असं मी म्हणेन, वर्गात नाही. एक मुलगा रोज नुसता बाजूला उभा राहून बघायचा, बोलायचा नाही, मग एक दिवस हातातून टेस्टर घेतलान आणि फॉल्ट शोधलान. तो पुढे स्कूलमध्ये लहान पोरांना दाखवायला लागला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं तेव्हा, आजही आठवलं की येतं.

सुवार्ता, म्हणजे येशूबद्दल लोकांना, सांगण्याबद्दल माझं मत सिस्टरपेक्षा थोडं वेगळं आहे, मी तर म्हणतो सहा आठवड्यांसाठी जाणाऱ्याने त्याचा विचारच करू नये, हातातलं काम नीट करावं. तिथले लोक आपल्यापेक्षा जास्त प्रार्थना करतात. कॅम्पमधली बायका-माणसं सगळं गमावून आलेली, आणि मिस्सात तासन् तास गातात, नाचतात, अर्पणाच्या वेळी मुठीत आणलेलं धान्य वाहतात. त्यांना विश्वास काय असतो ते मी काय सांगणार.

आणि बाई, चपला नको नेऊ, पूर्ण बंद बूट ने, आमच्या बाजूला बाभळीचे काटे रबरी चपलेतून आरपार जातात. किजाबेला चिखल असेल तर तिथे पण बूटच लागतील.

मिरजेची_सिस्टर

नाना, कामाबद्दल तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण विचारच करू नये हे मला पटत नाही हो. पेशंट स्वतः विचारतो की तू इतक्या लांबून का आलीस, तेव्हा गप्प बसलं तर ते पण खोटंच होईल ना. त्यानं विचारलं की दोन वाक्यांत खरं ते सांगावं. न विचारता सांगत सुटू नये एवढंच मी म्हणते.

नैरोबीची_काकू

नमस्कार. मी ख्रिश्चन नाही, पण नवऱ्याच्या नोकरीमुळे बरीच वर्षं नैरोबीत आहोत आणि भारतातून येणाऱ्या मंडळींना सल्ले देणं हे माझं कामच झालंय, म्हणून कागदपत्रांचं मी सांगते, ते कुणी लिहिलं नाही अजून.

आधी यलो फीवर. केनियातून भारतात परतताना या लसीचा दाखला लागतो, नसेल तर तुम्हाला आपल्याच विमानतळावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, त्यामुळे शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका. ती फक्त सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, आधी तारीख घ्यावी लागते, आठ-दहा जणांची टीम असेल तर आत्तापासून लागा मागे. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. साठीच्या पुढचं कुणी असेल, कुणाला अंड्याची ॲलर्जी असेल, गरोदर असेल तर डॉक्टरशी आधी बोला.

दुसरं, जानेवारी २०२४ पासून इथे जुना व्हिसा गेला, त्याजागी ऑनलाइन ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी, घ्यावा लागतो. तो पाहुण्यांसाठी असतो, त्यावर काम करता येत नाही, फुकट केलं तरी ते कामच धरतात. हॉस्पिटलात पेशंटला हात लावणार असाल तर हॉस्पिटलकडून स्पेशल पास वगैरे काय लागतं ते लेखी विचारून घ्या. फिजिओथेरपिस्टसाठी इथे २०१४ च्या कायद्याने वेगळी कौन्सिल, म्हणजे नोंदणी करणारी संस्था, आहे, नर्सची वेगळी, डॉक्टरांची वेगळी, परदेशी माणसाला त्यांची तात्पुरती परवानगी लागते. डिग्रीच्या, रजिस्ट्रेशनच्या अटेस्टेड कॉपी पाठवायला महिने जातात. तुमचे पाळकसाहेब म्हणतील देव वाट काढेल, काढेलच, पण अर्ज आपणच भरायचा असतो, आणि इमिग्रेशनला कुणी विचारलं तर त्रास यजमान हॉस्पिटलला होतो, तुमच्यापेक्षा जास्त.

सामान भरताना प्लास्टिकच्या कॅरीबॅग वापरू नका, २०१७ पासून इथे बंदी आहे आणि ती कडक पाळली जाते. कपड्याच्या पिशव्या घ्या. पैसे डॉलरमध्ये आणा, नोटा नव्या कोऱ्या, जुन्या छापाच्या किंवा मळक्या घेत नाहीत. आल्यावर पासपोर्ट दाखवून सफारीकॉमचं सिम घ्या आणि त्यावर एमपेसा, म्हणजे मोबाईलवरून पैसे द्यायची सोय, चालू करा, २००७ पासून इथे सगळं त्यावरच चालतं, भाजीवालीपासून मटाटूपर्यंत. मटाटू म्हणजे इथली प्रायव्हेट मिनीबस, गाणी मोठ्याने, गाडी जोरात. टीमने हॉस्पिटलच्या ओळखीचीच गाडी ठरवावी, रात्रीचा हायवे प्रवास करूच नये. आणि आईला सांगा मसाल्याची चिंता नको, नैरोबीतल्या पार्कलँड्स भागात सगळं मिळतं, हिंगापासून पोह्यांपर्यंत.

अजून एक, हे जरा नाजूक आहे. आपल्या लोकांना इथे मुहिंदी म्हणतात. इंग्रजांनी १८९६ ते १९०१ मध्ये मोम्बासाहून रेल्वे आणली तेव्हा तीस हजारांवर मजूर हिंदुस्थानातून आणले होते, अडीच हजारांच्या आसपास माणसं त्यात गेली. नंतर दुकानदार आले, कारखानदार झाले. २०१७ मध्ये सरकारने इथल्या भारतीयांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता पण दिली. पण सामान्य माणसाच्या मनात मुहिंदी म्हणजे मालक, पैसेवाला, नोकराशी तुटक बोलणारा. ते चित्र खोटं आहे असं मी म्हणणार नाही, माझ्या डोळ्यांनी मी बघते. त्यामुळे तुम्ही वॉर्डात खाली वाकून कुणाचा पाय हातात घ्याल ना, ते लोकांच्या फार लक्षात राहील. आणि ख्रिश्चन मुहिंदी म्हटल्यावर तर प्रश्नांवर प्रश्न येतील, तयार राहा. तुमच्याकडे नाताळ करतात का, तुमच्या आजोबांना कुणी सांगितलं, असे.

नगरची_फिजिओ

काकू, सिस्टर, नाना, कसे आभार मानू कळत नाही. यलो फीवरचं आमच्यात कुणालाच माहीत नव्हतं, मी लगेच ग्रुपवर टाकलं, आणि कौन्सिलच्या परवानगीचं पाळकसाहेबांना फोन करून सांगितलं, ते आज हॉस्पिटलला मेल करतायत.

अजून एक विचारायचंय. आमच्या कार्यक्रमात एक पूर्ण दिवस अनाथाश्रमाला भेट असा आहे. तरुण संघानं त्यासाठी खेळणी, वह्या, चॉकलेट जमा करायला सुरुवात पण केलीय, बॅनर छापायचं चाललंय. मला आतून कसंतरी वाटतंय त्याबद्दल पण नीट सांगता येत नाहीये का ते. जमवलेलं सगळं चांगल्या मनानं आहे, म्हाताऱ्या बायकांनी शंभर-शंभर रुपये दिलेत.

जालन्याचा_मास्तर

तुमच्या आतून जे वाटतंय ते बरोबर आहे आणि त्याला आधार आहे. केनिया सरकारनं २०१७ च्या नोव्हेंबरात नवीन बालगृहांची नोंदणीच थांबवली, आणि २०२२ पासून तर मुलांना संस्थेतून काढून नातेवाइकांकडं, कुटुंबात परत न्यायचं हे त्यांचं अधिकृत धोरण आहे. कारण अशा घरांमधल्या पुष्कळ मुलांना आईबाप किंवा जवळचे नातेवाईक असतात, गरिबीपायी, शाळेपायी मूल तिथं ठेवलेलं असतं, आणि पाहुणे आणि देणग्या येत राहिल्या की मूल घरी पाठवायची कुणाला घाई राहत नाही. मूल आज एका ताईच्या मांडीवर बसतं, उद्या ती जाते, महिन्यानं दुसरी येते. मी आश्रमशाळेत शिकवलंय, पाहुणे येऊन गेल्यावर रात्री वसतिगृहात पोरं कशी होतात ते मी पाहिलंय, त्यामुळं यावर मला फार तळमळ आहे, कडक वाटलं तर माफ करा.

मग करायचं काय. त्या म्हाताऱ्या बायकांचे पैसे वाया जाऊ देऊ नका. मिशन हॉस्पिटल म्हणजे फुकट हा आपल्याकडचा समज, तिकडं पेशंटला बिल असतं, आणि न परवडणाऱ्यांसाठी बहुतेक ठिकाणी वेगळा फंड असतो. हॉस्पिटलला विचारून त्यात भरा, पावती घ्या, आणि येऊन ती मंडळीत वाचून दाखवा, त्या बायकांना त्याचा आनंदच होईल. वह्या घ्यायच्याच असतील तर तिथल्या बाजारातून घ्या, तिथल्या दुकानदाराचे दोन पैसे होतील, आणि वाटायला तिथल्या शाळेच्या मास्तरांच्या हाती द्या. फोटो काढताना आईला विचारा, ऑपरेशन झालेल्या मुलाचा तर काढूच नका. बॅनर इथंच ठेवून जा.

आणि नगरच्या आहात म्हणून एक आठवण करून देतो. अमेरिकन मराठी मिशनचे गॉर्डन हॉल १८१३ ला मुंबईत उतरले, आणि १८२६ मध्ये नाशिककडं दौऱ्यावर असताना कॉलऱ्यानं गेले. मधल्या तेरा वर्षांत त्यांनी मराठी शिकली, मराठीत भाषांतरं केली, शाळा काढल्या. त्यांच्याच मिशनच्या सिंथिया फॅरार बाई पुढं नगरला आल्या, मुलींना शिकवण्यात आयुष्य घालवलं आणि तिथंच वारल्या. त्या लोकांच्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असं नाही, आपल्या चालीरीतींबद्दल त्यांनी फार कठोर लिहिलंय. पण ती माणसं राहिली. आपण सहा आठवड्यांसाठी जातो, तर निदान एवढं करावं की जे तिथं राहिलेत, तिथलेच आहेत, त्यांच्या हाताखाली काम करावं. तरुण संघाच्या पोरांना पण तिथल्या मंडळीच्या तरुणांबरोबर जे काम चालू असेल त्यात घाला, पाण्याची टाकी धुवायची असेल, बाकं रंगवायची असतील, रविवारच्या शाळेची तयारी असेल. वेगळा कार्यक्रम आपला आपण काढू नये.

नगरची_फिजिओ

मास्तर, कडक नाही वाटलं. हे मी संघाच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवलं. थोडी वादावादी झाली, एकदोघं नाराज आहेत, पण बॅनर रद्द झालं आणि पैसे फंडाला द्यायचे ठरलं. पाळकसाहेब म्हणाले त्या एका दिवसाचं काय करायचं ते तिथल्या मंडळीलाच विचारू.

सिस्टर, शेवटचं, मी माझ्याकडून काय घेऊन येऊ? थेराबँड (व्यायामाचे रबरी पट्टे), क्रेप बँडेज, गोनिओमीटर (सांधा किती वळतो ते मोजायचं साधन), वॉकर असं काही? आणि घालायला काय?

मिरजेची_सिस्टर

वॉकर-बिकर नको गं, विमानात वजन जाईल आणि तिथं वर्कशॉपमध्ये बऱ्याच गोष्टी बनवतात, दुरुस्त करतात. आधी तिथल्या फिजिओ विभागाच्या प्रमुखांना मेल कर, काय संपलंय ते विचार, आणि ते सांगतील तेवढंच आण. मुदत संपलेलं, वापरलेलं काही नको, आपल्याकडं चालत नाही ते तिकडं चालेल असा विचार टीममध्ये कुणी करत असेल तर त्याला तिथंच थांबव. सामान जास्त असेल तर हॉस्पिटलकडून कस्टमसाठी पत्र मागवून घे, नाहीतर विमानतळावर अडकतं. तुझं स्वतःचं गोनिओमीटर आण, टेप आण, आणि बारीक चौकोनी वही आण. आयांना व्यायाम समजावताना मी चित्र काढून द्यायचे, अक्षर येत नसलं तरी चित्र कळतं, एका पानावर एकच व्यायाम काढायचा, खाली किती वेळा ते टिंबांनी.

पंजाबी ड्रेस चालतो, गुडघ्याखालपर्यंतचा स्कर्ट चालतो, वॉर्डात स्क्रब्ज. रविवारसाठी एक साडी घे बेटा, बायका हात लावून लावून बघतात, आणि उपासना झाल्यावर कुणीतरी चहाला घरी नेतंच, तिथं नाही म्हणायचं नाही. वेळ विचारून घेताना मात्र नीट विचार, स्वाहिलीत दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात, सा म्बिली म्हणजे दोन वाजता असं कुणी शब्दशः सांगितलं तर ते सकाळचे आठ असतात. मेलचं उत्तर आलं की इथं टाक, काय आणायचं ते परत बघू.